पाणी मानवेल तोच मासा : इंदूरमधल्या पहिल्या फिश टँकसाठी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुलीच्या हट्टापायी आम्ही काचेची टाकी घरी आणली. त्याच संध्याकाळी पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासेही सोडले. चार गोल्डफिश, दोन ब्लॅक मॉली, एक सकर आणि 'शार्क' म्हणून दिलेले दोन चंदेरी जीव. दुकानदार माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, "भिया, तगड़ी मछली है, कुछ नी होगा." भाऊबीजेला टाकीत एकटा सकर उरला होता. मुलगी ओवाळायलाही उठेना.

पुढचे तीन-चार महिने मी रिकाम्या टाकीसमोर बसून वाचलं, मोजलं, चुकले, पुन्हा मोजलं. आता त्याच टाकीत दोन वर्षांपासून मासे आहेत. तेव्हा कळलं ते असं, की "हा मासा काटक आहे का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या पाण्यात काटक, किती थंडीत काटक, हे विचारायला हवं. मी लग्न होऊन वाईहून इंदूरला आले तेव्हा मलाही इथलं पाणी मानवायला सहा महिने लागले होते. माशाला तेवढी सवड मिळत नाही.

म्हणून खाली माशांची यादी पाचव्या पायरीवर आहे. मधल्या चार पायऱ्या गाळून थेट तिथे उडी मारलीत तर आमची दिवाळी तुमच्याकडे होईल.

१. आधी नळाला विचारा

इंदूरमध्ये दोन प्रकारचं पाणी येतं. एक नर्मदेचं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून डोंगर चढवून आणलेलं, क्लोरीन घातलेलं. दुसरं बोअरचं, माळव्याच्या काळ्या पाषाणातून मुरून आलेलं, बहुधा जड. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच हौदात मिसळतात, आणि नर्मदा एक दिवसाआड येत असल्यामुळे कुठल्या दिवशी हौदात काय आहे हे घरच्यांनाही सांगता येत नाही. टाकीसाठी एकच स्रोत ठरवा आणि त्यालाच धरून राहा. रोजच्या फेरबदलापेक्षा थोडं जड पण कायम सारखं पाणी माशांना बरं.

पाणी जड आहे का हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. गीझरची कॉइल, कुकरचा तळ, बाथरूमच्या नळाची जाळी बघा. पांढरा थर असेल तर पाणी जड. आरओवाल्याकडे टीडीएस मीटर असतो, त्यानेही अंदाज येतो. पण टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, त्यातला जडपणा किती हे तो सांगत नाही. त्यासाठी आणि पीएचसाठी, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, टेस्ट किट घ्यावं लागतं.

जड, किंचित अल्कधर्मी पाणी निघालं तर नाराज होऊ नका. गप्पी, प्लॅटी, मॉली हे मासे तसल्याच पाण्यात सुखी असतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, तिचं कारण तिसऱ्या पायरीत येईल: अशा पाण्यात नव्या टाकीचा धोका जास्त असतो.

काहीजण हुशारी करून आरओचं पाणी भरतात. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच कधी घसरेल याचा भरवसा नसतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर उलट दुप्पट जड. दोन्ही नको. आणि पाणी भरायला तांब्याचा हंडा किंवा पितळी घागर अजिबात वापरू नका, तांबं माशांना विष आहे. एक प्लॅस्टिकची बादली फक्त टाकीसाठी ठेवा आणि तिला साबण कधी लावू नका. आमच्या बादलीवर मुलीने मार्करने मासा काढलाय, म्हणजे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींनाही कळतं.

२. सामान

एकदाच जाऊन हे आणा. मासे या फेरीत आणायचे नाहीत, मुलांना सोबत नेऊ नका.

– टाकी: कमीत कमी २ फूट × १ फूट × १ फूट. काठोकाठ सुमारे ५४ लिटर, खडी नि रिकामी जागा सोडून प्रत्यक्षात ४५ च्या आसपास. गोल बाउल नको. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं, आणि नवख्याला चुका करायला जागा हवी असते.
– झाकण किंवा जाळी. झेब्रा नावाचा मासा उडी मारतो.
– स्पंज फिल्टर आणि एअर पंप. शिवाय नळीत बसवायचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ न देणारा.
– हीटर, थर्मोस्टॅटवाला. लिटरला एक वॉट हा ढोबळ हिशेब. आपल्या थंडीसाठी २ फुटी टाकीला ५० ऐवजी १०० वॉटचा घ्या.
– थर्मामीटर. हीटरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.
– थेंबांचं टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. हे माशांपेक्षा महाग पडतं आणि म्हणूनच लोक टाळतात.
– अँटीक्लोर, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला. साधं सोडियम थायोसल्फेट असतं, स्वस्त मिळतं.
– सायफनची नळी, छोटी जाळी, टाकीखाली घालायला थर्माकोलची शीट.
– वही. हो, वहीच. तारीख आणि आकडे लिहायला.

भरलेली टाकी काच-खडीसकट सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या घरात जाते. टीव्हीचं शोकेस ते पेलेल असं गृहीत धरू नका. खिडकीच्या उन्हापासून, गॅसपासून आणि देवघरापासून दूर ठेवा. देवघराचं कारण उदबत्तीचा धूर, एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

खडीबद्दल एक खास इंदुरी सापळा. ओंकारेश्वर-महेश्वरला गेलं की नर्मदेचे गोटे पिशवीत येतातच. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात, पण काही चुनखडी किंवा संगमरवराचे निघतात आणि पाणी आणखी जड करत राहतात. गोट्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो गोटा तुळशीपाशी. आत्यांनी गणपतीपुळ्याहून आणलेले शंखशिंपले तर चाचणी न करताच बाहेर.

३. महिनाभर बिनमाशांची टाकी चालवा

या लेखातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची पायरी हीच.

मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं अन्न कुजलं की तोच. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंचे दोन गट वस्तीला असतात. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, दर आठवड्याला पाणी बदललं की आवाक्यात राहतं. नव्या टाकीत ही वस्तीच नसते. ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागतं तसंच हे, फक्त सावकाश.

आणि आता पहिल्या पायरीतली उधारी. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक फारसं न बाधणारं, दुसरं जहाल. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्या जहाल रूपाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. पाणी गरम असेल तर आणखी वाढतं. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात ज्या चुकीने मासा मरगळतो, त्याच चुकीने आपल्याकडे तो दगावतो. त्यातल्या त्यात बरी बातमी एवढीच, की जिवाणूंना वाढायला हेच क्षारयुक्त पाणी आवडतं. आपल्या टाक्या व्यवस्थित मुरतात, फक्त थांबायला हवं.

करायचं काय: टाकी भरा, अँटीक्लोर घाला, फिल्टर आणि पंप चोवीस तास सुरू ठेवा, हीटर २७-२८ अंशांवर. जिवाणूंना खायला अमोनिया हवा. सोपा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते कुजू देणं. वास येतो, बुरशी येते, पण काम होतं. मला पटला तो दुसरा मार्ग, नवसागर. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तोच, पण कल्हईवाल्याकडचा नव्हे, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात 'अमोनियम क्लोराइड' मागा. ६ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, वर चिठ्ठी लावून. त्यातलं ५० मिली ५० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, होतो.

मग रोज नाही, पण दोन-तीन दिवसांआड मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया तसाच दिसेल. आठवडा-दहा दिवसांत तो उतरायला लागतो आणि नायट्राइट वर चढतं. नंतर तेही उतरतं, नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया शून्याकडे आला की पुन्हा ५० मिली घालत राहायचं. ज्या दिवशी घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपतो आणि नायट्राइटही शून्य येतं, त्या दिवशी टाकी मुरली. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि मासे आणायला निघा.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरशेजारी ठेवा. ओला ठेवूनच आणायचा. विरजण म्हणजे हेच, महिन्याचं काम दोन आठवड्यांत होऊ शकतं. वही मात्र तरीही सोडायची नाही.

"पाणी तीन दिवस भरून ठेवा, मग मासे सोडा" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तीन दिवसांत फक्त क्लोरीन उडतो. जिवाणू हवेतून येऊन रांगेत उभे राहत नाहीत.

आणखी एक पद्धत ऐकाल: "आधी दोन-चार काटक मासे सोडायचे, ते टाकी मुरवतात, मग चांगले आणायचे." वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि 'काटक मासा' या शब्दाला आलेली बदनामी तिथूनच. जळलेले कल्ले घेऊन जगलेला मासा काटक ठरत नाही, तो पुढच्या थंडीत जातो.

४. जानेवारीतली पहाट मोजा

डिसेंबर-जानेवारीत इंदूरचा पारा रात्री दहा अंशांखाली उतरतो आणि दुपारी पंचविशी गाठतो. घरात एवढा फरक पडत नाही, तरी बिनहीटरच्या टाकीतलं पाणी पहाटे सतरा-अठरावर आलेलं मी पाहिलंय. मे महिन्यात तीच टाकी बत्तीस-तेहतीस दाखवते. माळव्याच्या रात्री आपल्यासाठी रम्य असतात. उष्ण कटिबंधातल्या माशाला रोजचा हा झोका सोसत नाही.

हीटर लावणार की नाही हे मासे घेण्यापूर्वी ठरवा. दोन्ही चालतं, पण माशांची यादी बदलते. हीटर पूर्ण पाण्यात बुडलेला हवा आणि पाणी काढण्यापूर्वी प्लग काढून दहा मिनिटं थांबायचं. गरम हीटर हवेत आला की काच तडकते. हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

उन्हाळ्यात झाकणाऐवजी जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कुलरचा सिद्धांतच आहे तो. बर्फाचे खडे टाकू नका.

५. आता मासे

२ फुटी टाकी, इंदूरचं पाणी, पहिलाच अनुभव, हे धरून माझी पसंती क्रमाने सांगते.

झेब्रा. दुकानात 'झेब्रा फिश' किंवा 'झेब्रा डॅनिओ'. अंगावर निळे-सोनेरी आडवे पट्टे, दीड-दोन इंच लांबी. हा मूळचा आपल्याकडचाच, भारत-नेपाळ-बांगलादेशातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये उंदराच्या खालोखाल नाव घ्यावं असा. १८ ते २८ अंशांत ठीक असतो, त्यामुळे बिनहीटरच्या टाकीला माझं पहिलं उत्तर हाच. जड पाणी चालतं, मऊही चालतं. कमीत कमी सहा घ्या. दोन-तीनच असले की एकमेकांना छळतात, सहा-आठ असले की तीच मस्ती पळापळीत जिरते. दिवसभर पळतात. ज्यांना शांत, डौलदार मासे हवेत त्यांनी घेऊ नयेत. आमच्या अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, पहिल्या दिवशी "ही काय रेल्वे चालूये" असं वाटलं होतं. आता पेपर बाजूला ठेवून बघत बसतात.

प्लॅटी. लाल, केशरी, पिवळा, काळ्या शेपटीचा, हवा त्या रंगात. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. जड पाणी त्याला मानवतं, २० ते २६ अंश पुरेत, स्वभावाने गरीब, गप्पीपेक्षा अंगाने मजबूत. मुलांना रंग हवा असतो, तो इथे मिळतो. हीटर असेल तर झेब्रा आणि प्लॅटी ही माझी ठरलेली जोडी.

गप्पी. महाराष्ट्रात डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तोच हा, त्यामुळे माहेरी सगळ्यांना वाटतं गप्पी कधी मरतच नाही. हौदातला साधा, मिश्र रंगांचा गप्पी खरोखर काटक. दुकानातला लांब शेपटीचा, एकाच रंगाचा 'फॅन्सी' गप्पी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेला असतो आणि नाजूक निघतो. पहिल्यांदा घेताना स्वस्त, मिश्र, आखूड शेपटीचा घ्या. इथे महाग म्हणजे चांगला हा हिशेब उलटा आहे. झेब्रासोबत लांब शेपटीवाले ठेवू नका, कुरतडल्या जातात.

गप्पी-प्लॅटीच्या बाबतीत एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, साधारण चार आठवड्यांनी, एका खेपेला वीस-तीस किंवा त्याहून जास्त. मादी एकदा नराच्या सहवासात आली की पुढचे काही महिने नराशिवायही पिल्लं देत राहते. म्हणजे "मी फक्त माद्या घेते" हा उपाय नाही. फक्त नर घ्या. ओळखायला सोपं: पोटाखालच्या मागच्या बाजूचा पर नरात काडीसारखा टोकदार असतो, मादीत पंख्यासारखा.

ब्लॅक विडो टेट्रा. काळ्या घागऱ्यासारखा पर असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. सहाचा गट, २० अंशांच्या वर. बऱ्यापैकी जड पाण्यात निभावतो. मधूनच दुसऱ्यांच्या शेपट्या चावतो, म्हणून गप्पी आणि फायटरसोबत नको.

फायटर. एकटा राहणारा नर, २५-३० लिटरची टाकी, हीटर, संथ फिल्टर. तो पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो, म्हणून दुकानात पेल्यात ठेवतात, आणि म्हणून लोकांना वाटतं घरीही पेला चालेल. चालत नाही. थंडी त्याला बिलकुल सोसत नाही. एकच मासा ठेवायचा असेल तर मात्र याच्यासारखी सोबत नाही, माणसं ओळखतो.

ब्लॅक मॉली. हिच्याबद्दल माझं मत दुकानदारांशी जुळत नाही. सगळे तिला सर्वांत काटक म्हणतात. जड पाणी आणि २५-२६ अंश मिळाले तर ती छान राहते. पण बिनहीटरच्या डिसेंबरात ती जागच्या जागी थरथरायला लागते, आणि नव्या टाकीतलं नायट्राइट तिला लवकर बाधतं. मुरलेली, हीटर असलेली टाकी असेल तर घ्या, पण मागाहून.

३ फुटी टाकी असेल तर रोझी बार्ब जरूर बघा. हाही उत्तर भारताच्या नद्यांतला, थंडी मजेत काढणारा, नर विणीच्या दिवसांत लालबुंद होतो. २ फुटीत त्याला पोहायला पुरत नाही.

किती घ्यायचे? २ फुटीत पहिल्या खेपेला सहा झेब्रा, बस. दोन-तीन आठवडे आकडे शून्यावर राहिले तर चार प्लॅटी. तिथे थांबा. टाकी रिकामी वाटेल, पाहुणे तसं बोलूनही दाखवतील.

६. हात जोडून परत ठेवायचे

गोल्डफिश: वीतभर वाढतो, साधा असेल तर फूटभरही. खूप घाण करतो, पंधरा वर्षं जगू शकतो. थंडी त्याला चालते, तुमची २ फुटी टाकी चालत नाही.

सकर: "काच साफ करतो" म्हणून गळ्यात मारतात. दीड फुटापर्यंत वाढतो, आणि शेवाळ खातो त्याहून जास्त विष्ठा टाकतो. आमचा तो वाचलेला सकर शेवटी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्यांकडे दिला, आता त्यांच्या हातभर आहे.

'शार्क': समुद्रातल्या शार्कशी काही संबंध नाही, नदीतला मोठा मासा आहे, मीटरभराच्या वर जातो. पिल्लू म्हणून गोड दिसतो.

टायगर बार्ब शेपट्या कुरतडतो. निऑन टेट्राला मऊ पाणी आणि जुनी टाकी लागते. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर इतरांना खातात. आणि अनैसर्गिक भडक रंगाचे 'पेंटेड' मासे: त्यातल्या बऱ्याच जणांना रंग टोचलेला असतो. विकत घेतलेत तर पुढच्या खेपेला आणखी टोचतात.

७. दुकानात

सकाळी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. रविवारी संध्याकाळी सराफ्याच्या खाऊगल्लीला जाण्याआधी टाइमपास म्हणून जाल तर हमखास चुकीचं घ्याल.

"माल कब आया?" हा पहिला प्रश्न. बहुतेक मासे कोलकाता किंवा चेन्नईहून पिशव्यांत बंद होऊन येतात. कालच आलेला मासा घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेला घ्या. दुसरं, समोर खायला घालायला सांगा, जो झेपावत नाही तो नको. तिसरं, एक मासा नव्हे, पूर्ण टाकी बघा. तळाशी मेलेला मासा, अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके, अंगाला चिकटवून धरलेले पर, कोपऱ्यात डोकं वर करून हवा घेणारे, यातलं काहीही दिसलं तर त्या टाकीतला ठणठणीत मासाही घेऊ नका.

पिशवीत अर्ध्याहून जास्त हवा भरून मागा. थंडीत पिशवी शालीत गुंडाळा, उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यात. आणि वाटेत पोहे-जिलबीला थांबू नका.

८. घरी आल्यावर

टाकीतला दिवा बंद. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी त्यात घाला, अर्धा तास. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. दुकानाचं पाणी टाकीत जाता कामा नये. त्या दिवशी खायला घालायचं नाही.

पहिले दोन आठवडे रोज अमोनिया-नायट्राइट मोजा. शून्याशिवाय काहीही दिसलं तर खाणं बंद, ३० ते ५० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. औषधांची बाटली उघडण्यापूर्वी नेहमी आधी पाणी बदला. मिथिलीन ब्लूसारखी औषधं त्या महिनाभर जोपासलेल्या जिवाणूंनाही मारतात, आजारी मासा वेगळ्या बादलीत उपचारावा.

९. रोजचं

दर आठवड्याला पाव टाकी पाणी सायफनने काढा, तेवढंच अँटीक्लोर घातलेलं, सारख्या तापमानाचं पाणी भरा. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतून आलेलं पाणी हात पोळतं, ते थेट ओतू नका. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला की अँटीक्लोर बाटलीवरच्या मर्यादेत थोडं वाढवा. स्पंज महिन्यातून एकदा, तोही काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतलात तर तिसरी पायरी पुन्हा.

नायट्रेट खाली ठेवायला मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अशी अडकवा, की मुळं पाण्यात, पानं बाहेर. फुकटचं आणि खरोखर उपयोगी.

वीज जाते तेव्हाची गोष्ट. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरतं, पंपात, मग एक्स्टेन्शन बोर्डात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्यासाठी सांगितला, नाहीतर पंप उंच शेल्फवर ठेवा. वीज तासन्‌तास गेली तर अधूनमधून तांब्याने (स्टीलच्या!) टाकीचंच पाणी उचलून वरून सोडत राहा.

डासांचं लिक्विड मशीन, स्प्रे, अगरबत्ती: यांतली कीटकनाशकं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र फार. टाकीच्या खोलीत नको. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद, टाकीवर ओला टॉवेल, पंप तासभर बंद. राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंग उधळणाऱ्या मिरवणुकीच्या, दिवशीही हेच करा.

पिल्लं झाली, मासे जास्त झाले, कंटाळा आला, तरी तलावात सोडू नका. सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही पाणथळं २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहेत, तिथे तुमचा सकर नको. दुकानं बहुधा परत घेतात, पैसे देत नाहीत इतकंच.

खाणं शेवटी ठेवलं, कारण टाकी मुरल्यावरही मासे याच चुकीने मरतात. दिवसातून एकदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्याकडे अप्पांना हे पटेना. "घरातला जीव उपाशी ठेवायचा?" म्हणत ते दुपारी गुपचूप पोळीचा चुरा टाकायचे, आणि वहीत अमोनिया का चढतोय ते मला आठवडाभर कळेना. भांडण झालं नाही. खाण्याचं काम रीतसर त्यांच्याकडेच सोपवलं. रविवारी मी सहा कागदी पुड्या बांधून देते, वारांची नावं घालून. गुरुवारची पुडी नसते, त्यांचाही उपास असतो.

गावाला जाताना शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊ नका. धडधाकट मोठे मासे आठवडाभर न खाता राहतात. त्याहून जास्त दिवस असतील तर दोन-तीन पुड्या मोजून द्या आणि डबा कुलपात ठेवा. आम्ही तो मुलीच्या दप्तरात ठेवतो, अप्पा तिथे शोधत नाहीत.